खंडेनवमीला पुजलेला मिलिटरी ग्रेड बोर्ड

आमच्या मुलुंडच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. वडील गिरणीत फिटर होते. ते गेले, तरी त्यांचे पान्हे पाटावर मांडले जातात. शेजारी आईचं शिलाई मशीन आणि गावाकडचा कोयता. माझ्या कॉम्प्युटरला त्या पंगतीत कधी जागा मिळाली नाही. मी घरी बसून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, त्यावर घर चालतं, पण आई शेजारणीला सांगायची, "तो ना, घरीच असतो. बघत असतो काहीतरी." चाळिशी आली तरी ते मनाला लागायचं.

गेल्या वर्षी मी नवा मदरबोर्ड बसवला. खोक्यावर ढालीचं चित्र आणि सोनेरी अक्षरांत 'मिलिटरी ग्रेड'. उष्णता सोसतो, दमट हवा सोसतो, धूळ सोसतो, असं सगळं मी आईला ऐटीत वाचून दाखवलं. मिलिटरी ऐकल्यावर तिचा चेहराच बदलला. लष्कराचं म्हणजे शस्त्रच की! त्या खंडेनवमीला तिने स्वतःहून कॉम्प्युटर पुजायला घेतला.

मी तर हवेतच. कॅबिनेटची काच काढली, आतले रंगीत दिवे चालू ठेवले आणि हात जोडून उभा राहिलो. आईने थेट बोर्डावर हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि दुसरं फूल तांब्यात बुडवून मनोभावे पाणी शिंपडलं. आतून चट् असा आवाज आला आणि दिवे गेले. शत्रू दिसायच्या आधीच आमचं लष्कर धारातीर्थी पडलं.

दसरा झाल्यावर बोर्ड वॉरंटीत बदलून घ्यायला घाटकोपरच्या दुकानात गेलो. आई हट्टाने बरोबर आली. रिक्षात तिला बजावलं, की बोर्ड आपोआप बंद पडला असं मी सांगणार, तू गप्प बस. दुकानदाराने बोर्ड उलटसुलट केला आणि नखाने कुंकू खरवडलं. मी उसनं अवसान आणून विचारलं, मग मिलिटरी ग्रेडचा अर्थ तरी काय? तो जांभई देत म्हणाला, चाचण्या कंपनीच ठरवते, कंपनीच घेते आणि पासही कंपनीच होते. लष्कराने हे खोकं बघितलेलंसुद्धा नसतं. म्हणजे स्वतःची पाठ स्वतःच थोपटायची. मग विकता कशाला, तर म्हणे लोक मागतात.

तरी मी नेटाने सुरू केलं, "पण हा आपोआपच..."

आई मला बाजूला सारून पुढे झाली. "पाणी मी शिंपडलं. तुमच्या बोर्डाचा काही दोष नाही. पण माझ्या मुलाचं काम अडलंय हो. लग्नघरची माणसं खोळंबलीत. आधी त्याचं काम चालू करून द्या."

वॉरंटी तिथल्या तिथे गेली. आईच्या तोंडून 'काम' ऐकून मला मात्र इतका आनंद झाला होता, की दुकानदाराने पुढे केला तो बोर्ड मी खोकं न वाचताच घेतला.