उकडलेल्या गव्हाला आलेले मोड

आमच्या घरात लिंबू-मिरची भाजीच्या यादीत असते, दारावर नाही. पुण्यात, खराडीतल्या एका आयटी कंपनीत मी अ‍ॅडमिन बघते. कुठली वस्तू कुठे आहे आणि का आहे, हे सांगता येणं हेच माझं काम. त्यामुळे खालच्या प्रकाराचं कारण कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. 'ऊर्जा', 'स्पंदनं' वगैरे लिहिणार असाल तर मात्र राहू द्या.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये सोसायटीतले आम्ही अकरा जण ग्रीसला गेलो. सगळी आखणी माझी. नॅक्सॉस बेटावरचा एक दिवस डोंगरातल्या जुन्या गावांसाठी राखून ठेवला होता. घरी सासूबाईंजवळ माझी नणंद राहायला आली होती.

तिसरं गाव. दगडी पायऱ्यांची अरुंद गल्ली, पांढरी घरं, उन्हात वाळत घातलेली बकऱ्याची कातडी आणि तिच्यावर घोंघावणाऱ्या माश्या... फोटोत हे सगळं सुंदर दिसतं, कारण फोटोला वास नसतो. शनिवार होता. चर्चच्या दारात काळ्या कपड्यांतली एक बाई लोकांना कागदाच्या छोट्या पिशव्या वाटत होती. मी फोटो काढत होते आणि माणसं मोजत होते - दोन जण कमी भरत होते. तेवढ्यात तिनं माझ्याही हातात एक पिशवी कोंबली.

"प्रसाद दिसतोय," माझे यजमान श्रीकांत म्हणाले.

उकडलेले गहू, पिठीसाखर, डाळिंबाचे दाणे आणि त्यात चक्क कोथिंबिरीसारखी चिरलेली पानं. गोडात! दोन दाणे तोंडात टाकले. ओले, गिळगिळीत, कुणीतरी आधीच चघळून ठेवल्यासारखे. रुमालात थुंकले.

"टाकू नकोस हं. प्रसाद आहे."

"मग तुम्ही खा."

"मला शुगर आहे," श्रीकांत म्हणाले. आदल्याच दिवशी त्यांनी दोन आइस्क्रीमं खाल्ली होती.

इथे कुणाही शहाण्या माणसानं पिशवी कचऱ्यात टाकली असती. पण प्रसाद टाकायचा नाही, हे आपल्यात इतकं मुरलेलं असतं की देवाला हात न जोडणारी मीसुद्धा ती झिपच्या पिशवीत घालून खराडीला घेऊन आले. फ्रीझरमध्ये ठेवली, वर लेबल लावलं - 'प्रसाद, ग्रीस'. खायचाही नाही, टाकायचाही नाही... अशा गोष्टींसाठीच फ्रीझर असतो.

परतल्यावर चौथ्या दिवशी घरात वास सुरू झाला.

"ताई, घरात काय मेलंय व्हय?" जवळच्या मांजरी गावाहून स्वयंपाकाला येणाऱ्या मंदाबाईंनी दारातच पदर नाकाला लावला. आंबलेलं धान्य, ओली माती आणि त्यावर गोडसर काहीतरी. सिंकचा पाइप उघडला, धान्याचे डबे रिकामे केले, पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला. काही नाही. फ्रिजही पुसला, पण लेबल लावलेल्या बंद पिशव्या कशाला हुंगायच्या?

आणि सासूबाईंनी जेवण सोडलं. वय शहाऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, हात धरून ताटापर्यंत न्यावा लागतो.

"आई, दोन घास तरी घ्या."

"आधी त्याला वाढ."

"कुणाला?"

"तो बसलाय ना, मिशीवाला. पाहुणा उपाशी बसलाय आणि मी कशी जेवू गं? काही रीत आहे की नाही तुमच्याकडे?"

तीन दिवस हेच. पाणी सोडून काही नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर अ‍ॅडमिट करा. या वयात परत घरी येतील याची खात्री देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंसाठी बर्फ काढायला फ्रीझर उघडला. वाटाणे खड्यांसारखे कडक होते. शेजारची 'प्रसाद, ग्रीस' मऊ होती. आत गव्हाला मोड आले होते. बोटभर लांब, पांढरे, शेंबडासारख्या चिकट पाण्यात एकमेकांत गुंतलेले. पिशवी उघडली आणि सिंकवर धावले.

उकडलेल्या गव्हाला मोड येत नाहीत. फ्रीझरमध्ये तर नाहीतच. हे कुठल्याही बाईला विचारा.

मंदाबाई म्हणाल्या, "फेका की." माझा हात कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलाही होता. पण आधी आमच्या ग्रीसमधल्या ड्रायव्हरला, यानीला, मेसेज केला: ते काय होतं? लगेच उत्तर आलं. मेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात. खायचं आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. फोटो ठेवला होता की तिथे, पाहिला नाहीस?

माझ्याच मोबाइलमधला चर्चचा फोटो मोठा करून पाहिला. बाईच्या मागे टेबल, टेबलावर चौकट. चौकटीत एक म्हातारा, ओठ झाकून टाकणाऱ्या मिश्यांचा. हा फोटो मी कुणालाच दाखवला नव्हता. दाखवला असता तरी आईंना दिसला नसता.

सासऱ्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा घड्याळाकडे बघत कुरकुरणारी मीच होते. तीच मी त्या सकाळी वाटीत ते गहू घेऊन गॅलरीत उभी राहिले. कावळा आला. मान वाकडी करून वाटीत पाहिलं आणि उडून गेला. दुसरा आला, तोही गेला. उकिरड्यावर बसणाऱ्या पक्ष्यानं नाकारलेलं अन्न!

कावळा शिवलाच नाही तर शेवटी दर्भाचा करतात. खराडीत अकराव्या मजल्यावर दर्भ कुठला... मीच.

स्वयंपाकघराचं दार लावलं. एक चमचा. मोड दातांत करकरले, मग केसांसारखे घशात अडकले. उलटी वर आली ती तोंडावर हात दाबून पुन्हा गिळली. 'देव त्याला क्षमा करो' हे मराठीतच म्हटलं. वाटी संपवायला वीस मिनिटं लागली. हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय, चांगल्या अर्थानं नाही.

दार उघडलं तेव्हा वास नव्हता. मंदाबाई पदर सोडून चक्क खोल श्वास घेत होत्या.

आई पलंगावर उठून बसल्या होत्या. "वरण-भात आहे का गं?"

सगळा भात जेवल्या. मी त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा म्हणाल्या, "गेला तो. पण वसुधा, पाहुण्याला वाढताना एवढं तोंड वाकडं करायचं नसतं."

आईंना आपलं ताट दिसत नाही. दार मी आतून लावलं होतं. मला पोटदुखी, जुलाब, काही झालं नाही. फ्रीझर कंपनीचा माणूस म्हणाला, मशीन उत्तम आहे. मोड कसे आले ते मला आजही माहीत नाही. आमच्याकडे गव्हाची खीर बंद आहे, आणि प्रसाद कुणी हातावर ठेवला की मी तिथेच, उभ्या उभ्या, डोळे मिटून गिळून टाकते.