आईच्या नावाचा शेवटचा काना

माझ्या नावात मध्ये आईचं नाव आहे. वडील मी दीड वर्षाचा असताना घर सोडून गेले आणि परत आले नाहीत. आई कोकणातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. मला शाळेत घालायला गेली तेव्हा हेडमास्तरांनी वडिलांचं नाव विचारलं. ती म्हणाली, "याला वाढवतंय कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेच लिहा." त्यांनी लिहिलं. शाळेचा दाखला, आयटीआयचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, सगळीकडे तेच नाव आलं आणि गावात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी नर्सबाईंचा मुलगा होतो, एवढं त्यांना पुरे होतं.

कुवेतचं युद्ध संपल्यावर तिथे वेल्डर हवे होते. मी कॉन्ट्रॅक्टवर गेलो. फरवानियात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो आणि पहाटे कंपनीच्या बसने शुऐबाच्या रिफायनरी प्लान्टवर जायचो. तीन महिन्यांनी माझा सिव्हिल आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, आला. त्यावरचं नाव वाचलं आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्याचं कार्ड हातात आलंय. आईच्या नावाचा शेवटचा 'ए', म्हणजे आपला काना, गायब होता. आमच्याकडे काही नावं अशी असतात की काना काढला की बाईचा पुरुष होतो. तसंच झालं होतं.

कंपनीचे कागद सरकारी कचेऱ्यांत फिरवणारा माणूस, तिथे त्याला मंदूब म्हणतात, मराठीच होता, मुंबईचा. मी त्याला कार्ड दाखवलं.

तो हसून म्हणाला, "अहो, मीच करून घेतलं ते. मध्ये बाईचं नाव बघून अरब विचारणार, बाप कोण? तुमच्या भल्यासाठीच केलं."

"पण ते माझ्या आईचं नाव आहे."

"म्हणूनच तर. लोकांना कशाला सांगत बसायचं?"

मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा नवी नोकरी होती, भीती होती. त्याने पुढच्या रिन्यूअलला बघू म्हटलं आणि मी गप्प बसलो. पुढच्या रिन्यूअललाही तेच छापून आलं. त्याच्या पुढच्याही. वेल्डरचा मी वेल्डिंग इन्स्पेक्टर झालो, लग्न झालं, फिंतासला दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं, मुलगी झाली. सात-आठ वर्षं मी तो काना नसलेला माणूस खिशात घेऊन फिरलो. दर वेळी कार्ड काढताना आतून जळायचो आणि दर वेळी उद्यावर ढकलायचो. त्या माणसाइतकाच मला माझाही राग येतो.

मग आईला बोलवायचं ठरलं. ती निवृत्त झाली होती, नातीला तिने फोटोतच पाहिलं होतं. व्हिसासाठी ती माझी आई आहे याचा पुरावा लागत होता. माझ्या जन्माच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर एक नाव, सिव्हिल आयडीवर दुसरं. अर्ज परत आला. मी त्याच माणसाकडे गेलो. त्याने दोन मिनिटांत उपाय काढला.

"एक अ‍ॅफिडेव्हिट करू. कार्डावरचं नाव तुमच्या वडिलांचं, ते वारले, आणि पासपोर्टवर स्पेलिंगची चूक झाली. संपलं."

जो माणूस कधी जन्मलाच नाही, जो माझ्या आईच्या नावाचं शेपूट तोडून तयार केला होता, तो माझा बाप होता असं मी शपथेवर लिहून द्यायचं. रात्रपाळ्या करून जिने मला वाढवलं तिला स्पेलिंगची चूक म्हणायचं. आणि हे सांगणारा माझ्याच भाषेत, अहो-जाहो करत, चहा मागवून सांगत होता.

त्याने टाइप करून दिलेला कागद मी साइटच्या केबिनमध्ये घेऊन बसलो होतो. त्या वर्षी प्लान्टच्या मोठ्या दुरुस्तीसाठी अमेरिकेहून एक म्हातारा इंजिनियर आला होता. मी पास केलेले वेल्ड तो पुन्हा तपासायचा. फारसं बोलायचा नाही, पण संध्याकाळी मला गाडीतून फिंतासला सोडायचा. त्या दिवशी गाडीत त्याने विचारलं, "काय झालंय?" मी सगळं सांगितलं.

पुढच्या सिग्नलला त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, "माझं आडनाव म्हणजे एका बाईचं नाव आहे. माझ्या पणजोबांच्या आजीचं. तिच्या नावाला मागे 'ची मुलं' अशा अर्थाचं शेपूट लावलं की झालं माझं आडनाव."

झारच्या अंमलदारांनी त्याच्या पूर्वजांना आडनाव घ्यायला लावलं होतं. ही बाई बाजारात मीठ आणि मेणबत्त्या विकायची. नवरा धर्मग्रंथ वाचत बसायचा. सगळा गाव तिला ओळखायचा, म्हणून तिचंच नाव लिहिलं गेलं.

"आमच्या लोकांत अशी पुष्कळ आडनावं आहेत," तो म्हणाला. "कुठे विधवेवरून, कुठे दुकान सांभाळणारीवरून."

"आमच्या म्हणजे?"

"मी ज्यू आहे. हे प्लान्टवर कुणाला सांगू नकोस."

मी त्याला सांगितलं, आमच्या कोकणातही ज्यू आहेत, पण त्यांची आडनावं आमच्यासारखीच, गावावरून, शेवटी 'कर' लावून. त्याला त्याची गंमत वाटली. मग त्याचा आवाज बदलला.

"माझे काका सगळ्यांना सांगायचे की आमचंही आडनाव गावावरूनच आलं. नकाशात तसं गावच नाही. त्यांना बाईचं नाव लावायची लाज वाटत होती. मी तिशीत होतो तेव्हा एका जुन्या कागदावरून खरं कळलं. तिने त्यांच्या आजोबांना पोसलं होतं आणि यांनी तिचं गाव करून टाकलं. त्यांच्याशी मी नंतर नीट बोललोच नाही."

घरी गेल्यावर मी ते अ‍ॅफिडेव्हिट फाडलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून एकटाच सिव्हिल आयडीच्या ऑफिसात गेलो. दोन तास रांगेत उभा होतो आणि मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होतो. खिडकीपाशी एक कुवेती बाई होती. तिने पासपोर्ट बघितला, कार्ड बघितलं.

"हे नाव कुणाचं?"

"माझ्या आईचं."

"पासपोर्टवर हेच आहे. मग कार्डावर वेगळं कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, "चूक झाली."

तिने एक फॉर्म पुढे सरकवला, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. बाप कोण, हे तिने विचारलंच नाही. ज्या प्रश्नाच्या भीतीने मला इतकी वर्षं पुरुषाचं नाव लावलं गेलं, तो कुणी अरबाने मला कधीच विचारला नव्हता. विचारला होता तो कुवेतमधल्या आपल्याच मराठी माणसांनी, हळदीकुंकवाच्या घोळक्यात, पार्किंगमध्ये, हसत हसत.

आई हिवाळ्यात आली. मी तिला सगळं सांगितलं, कागद फाडल्याचंसुद्धा. ती नातीच्या केसांना तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "तसलं काही लिहून दिलं असतंस ना, तर मी आले नसते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हिच्या जन्माच्या दाखल्यावर मधलं नाव तुमचं आहे. मला कुणी विचारलं होतं का?"

मुलीच्या नावाचा फॉर्म मी स्वतः भरला होता, हॉस्पिटलच्या बाकावर बसून, चांगल्या अक्षरात. कुठल्या मंदूबाने नाही, कारकुनाने नाही. आणि ती जागा भरताना माझा हात क्षणभरही अडखळला नव्हता.