सासऱ्यांचा चौरंग आणि भस्माची तीन बोटं

माझे सासरे उदगीरचे किराणा दुकानदार. शिवपूजा झाल्याशिवाय त्यांच्या दुकानाचं शटर वर जात नाही. त्यांचा पूजेचा चौरंग वाळवीनं खाल्ला, तेव्हा मी भर पंगतीत बोलून बसलो, "मामा, नवा मी करतो. इतका गुळगुळीत, की तांब्या धरून ठेवावा लागंल." त्यांनी वरण ओरपलं आणि "बघू" म्हणाले. मुलगी मागायला गेलो होतो तेव्हाही एवढंच म्हणाले होते.

नांदेडला येऊन सागवान आणलं आणि विजेवरचं घासायचं मशीन. हातात मावतं, खाली पॉलिश पेपर लावायचा, तो गरगर फिरतो. पण बटण दाबलं की मुदखेड जंक्शनचं इंजिन त्याच्यापुढं अंगाई वाटावं. माझा हात असा थरथरायला लागला की संध्याकाळी बशीतला चहा न फुंकताच निवला. चौरंग ठोकून झाल्यावर आधी जाड ऐंशी नंबरचा कागद घासला. मधले नंबर कोण घासत बसणार? थेट बारीक तीनशे वीस. लवकर उरकावं म्हणून मशीनवर सगळा देह टाकला, आणि माझा देह म्हणजे दोन पोती सोयाबीन. बायको म्हणाली, दाबू नका, त्याचं ते घासून राहिलं. मी तिला यंत्रशास्त्र समजावून सांगितलं. शेवटी लाकूड असं झालं की एक माशी बसायला आली ती घसरत देगलूरकडं गेली. अजून परतलेली नाही.

उदगीरला मामांनी चौरंगावर हात फिरवला, मान हलवली. माझी छाती फुगली. मग पूजेआधी ओढतात तशी त्यांनी चौरंगावर भस्माची तीन बोटं ओढली. भस्म शिरलं ओरखड्यांत, आणि एरवी डोळ्याला न दिसणारी गोल वेटोळी पांढरीफेक उमटली. शे-दोनशे जिलब्या.

"जावईबापू," ते म्हणाले, "नैवेद्य बी संगंच आणला की."

बायको खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत राहिली. मामांनी जुन्याच चौरंगाला विटेचा टेकू लावून पूजा उरकली. ते मला लई लागलं.

परत नांदेड. या खेपेला ऐंशी, एकशे वीस, एकशे ऐंशी, दोनशे चाळीस, मग तीनशे वीस. एकही पायरी गाळली नाही. मशीनवर हात नुसता ठेवला, चालत्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. प्रत्येक कागदानंतर धूळ पुसून भस्म चोळायचो. जिलबी दिसली की पुन्हा तोच कागद. भस्म इतकं लागलं की पूजेच्या सामानाच्या दुकानदारानं विचारलं, घरात कुणी संन्यास घेतला का.

उदगीरला मामांनी पुन्हा बोटं ओढली. तीन सरळ रेघा, बाकी काही नाही. मी श्वास सोडणार, तोच त्यांनी चौरंग उलटा करून खालून भस्म चोळलं. खालची बाजू मी घासलीच नव्हती. तिथं जिलब्या कुठल्या, अख्खं माहूरचं जंगल उगवलं.

मामांनी भस्माची बोटं धोतराला पुसली. मग चौरंग सरळ केला आणि त्यावर तांब्या ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "देव वरच बसतो."