थदडीच्या दिवशी आमची गल्ली

त्या वर्षी देश पेटला होता आणि आमच्या गल्लीतलं सगळ्यात मोठं भांडण पार्किंगवरून झालं होतं. टीव्हीवर दगड, धूर, पळणारी पोरं, आणि इकडे उल्हासनगरात आमच्या बिल्डिंगखाली भाजीवाला मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत बसलेला. मी गॅलरीत चहा घेऊन उभी राहायचे आणि मनाशी म्हणायचे, काय सुखाचं गाव आहे आपलं. लोक या गावाला नावं ठेवतात. खड्डे, गटारं, एकावर एक चढवलेले मजले, सगळं खरं आहे. तरी त्या दिवसांत मला हे गाव फार आवडलं. आणि आवडतंय याचा रागही यायचा, कारण माझी मुलगी इथे नव्हती.

ती उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात हॉस्टेलला राहून शिकत होती. तिथल्या पोरांनी मोर्चे काढले, मग पोलीस आले, मग इंटरनेट बंद झालं आणि पाठोपाठ फोनही लागेनासे झाले. त्याआधीचा तिचा मेसेज होता, "मम्मी, आम्ही ठीक आहोत, टेन्शन घेऊ नको." त्या 'आम्ही'चा मी किती कीस पाडला असेल. 'मी' का नाही लिहिलं? म्हणजे मोर्चात गेली होती का? जाणारच. पोरगी कोणाची आहे!

नवरा अंबरनाथला एका कारखान्यात ऑफिसर. थंड डोक्याचा माणूस, इतका थंड की कधीकधी मला त्याच्या डोक्यावर तवा ठेवून बघावासा वाटतो. "अगं, तिथे हजारो मुलं आहेत," तो म्हणायचा.

"मी हजारो मुलांची आई नाहीये," मी म्हणायचे. मग तो गुपचूप डबा उचलून कामावर जायचा.

सोनिवलीला नव्या बिल्डिंगीत माझी बहीण राहते. तिचा एकदा घाबऱ्याघाबऱ्या फोन आला. "ताई, उल्हासनगरमध्ये जाळपोळ झाली म्हणे. व्हिडिओ फिरतोय. तुमचं मार्केट जळताना दिसतंय."

मी गॅलरीत येऊन दोन्हीकडे पाहिलं. समोर एक बाई पापड वाळत घालत होती. "आमच्याकडे शेजारच्या आंटींची कढी तेवढी जळालीय," मी म्हटलं. "तो व्हिडिओ कुठल्या गावचा आहे देव जाणे. पुढे पाठवू नकोस." बहीण हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मी पुन्हा एकदा गॅलरीत जाऊन बघून आले.

आता त्या शेजारच्या आंटींबद्दल सांगायला हवं. त्या सिंधी. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्हाला सोडलं तर सगळेच सिंधी. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांच्या बोलण्यातला एक शब्द कळायचा नाही. आता 'छा थियो', म्हणजे काय झालं, हे मी झोपेतही विचारते. आंटींची आणि माझी भिंत एक, त्यामुळे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते आणि माझ्या त्या. माझी मुलगी लहानपणी अर्धी त्यांच्याच घरात वाढली. जेवायची आमच्याकडे आणि खायची त्यांच्याकडे.

श्रावणात सिंध्यांची थदडी येते. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, रात्री शेगडी धुऊन पुसून तिची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही. चहासुद्धा नाही. गोड लोले, कांद्याची कोकी, भरलेली कारली, दही, सगळं गार खायचं. देवीपुढे गार पाणी ठेवायचं आणि मुलांच्या अंगावर ते शिंपडून विनवायचं की यांना थंड ठेव, यांना कसली आच लागू देऊ नकोस.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देवी नाही आणि तिचा कोपही नाही. पण त्या दिवशी गॅस आम्हीही पेटवत नाही. ही श्रद्धा नव्हे, हा शेजारधर्म. अख्खी बिल्डिंग चिडीचूप असताना आपल्याच कुकरने शिट्टी मारायची, हे मला बरं दिसत नाही. शिवाय आंटींकडून एवढं मोठं ताट येतं की गॅस पेटवायची गरजच उरत नाही. सुंठीवाचून खोकला गेला तर कोणाला नको असतो?

तर त्या वर्षी थदडी आली आणि नेमका त्याच दिवशी आंदोलनाच्या पाठिंब्याचा बंदही आला.

सकाळी जाग आली ती आवाजाने नाही, आवाज नसल्याने. आमच्या गल्लीत तळमजल्यांवर जीन्स शिवायचे कारखाने आहेत. मशिनींची घरघर आमच्या फरशीतून पायांना लागते आणि इतक्या वर्षांत ती आम्हाला ऐकूही येईनाशी झाली आहे. ती थांबल्यावरच कळलं की ती होती. एकही शटर उघडलं नाही. रिक्षा नाही. भाजीवाला आला नाही. आणि वर घराघरांतून फोडणी नाही, मिक्सर नाही, शिट्टी नाही. नुसती माणसं होती, दारं लोटून, हळू आवाजात बोलणारी.

एरवी बंद असला की घराघरांतून वासाची चढाओढ लागते, लोक भजी तळतात. थदडी असली की खाली बाजार तर भरलेला असतो. दोन्ही एकाच दिवशी मी कधी पाहिलं नव्हतं. वासच नव्हता गल्लीला. ओल्या भिंतीचा आणि गटाराचा तेवढा. माणसं राहतात याची खूण म्हणजे कुठे वाळत घातलेले टॉवेल, आणि तेही हलत नव्हते. मी मुद्दाम एक वाटी जमिनीवर टाकली. तिचा आवाज इतका मोठा झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

नवरा कामावर गेला होता, कारखान्याला बंद लागू नव्हता. माझी शाळा अंबरनाथ पूर्वेला, मी तिथल्या ऑफिसात आहे. तिला सुट्टी होती. मी दिवसभर मुलीचा नंबर लावत राहिले आणि ती रेकॉर्ड केलेली बाई त्याच गोड आवाजात सांगत राहिली की संपर्क होऊ शकत नाही. त्या बाईला कधी मुलं झाली असतील असं मला वाटत नाही.

जेवणाच्या वेळेला आंटी ताट घेऊन आल्या. दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा होता.

"बेटा, पोरगीला कहाँ है?" त्यांनी विचारलं. त्यांचं मराठी असंच आहे, आणि माझी सिंधी त्याहून वाईट. "फोन आया?"

मी मान हलवली.

"तिच्यावर छींटा मारायचा था. हर साल मारती हूँ."

"ती इथे नाहीये, आंटी."

"मालूम है. तिचा एक कपडा दे."

मी म्हटलं, "आंटी, आम्ही हे मानत नाही, तुम्हाला माहितीये."

"तू मत मान ना. मानने का काम मैं करती हूँ. तू फक्त कपडा दे."

वाद घालायची ताकद नव्हती. मी कपाटातून तिचा पिवळा कुर्ता काढला, सुट्टीत घरी आली की घालते तो. आंटींनी तो पलंगावर नीट पसरला, बाह्या दोन्हीकडे सरळ केल्या, गळ्याशी सुरकुती होती ती हाताने काढली. मग डोळे मिटून पुटपुटत लोट्यातलं पाणी शिंपडलं. पिवळ्यावर गडद डाग पडले, छातीपाशी, पोटापाशी.

आत माणूस नसलेला तो कुर्ता तसा उताणा पडलेला मी पाहिला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी जे चिंतलं ते इथे लिहिणार नाही. मी झटक्यात तो कुर्ता उचलला.

"बास!" मी ओरडले. "बास झालं तुमचं!"

आंटी दचकल्या. ताटावरचा रुमाल नीट केला आणि गेल्या. त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला आणि मग पुन्हा काही नाही.

मी रडले. जेवण तसंच राहिलं. दुपार कलली, आभाळ भरून आलं, घरात अंधारून आलं तरी दिवा लावावासा वाटेना. शेवटी तो ओला कुर्ता हातात घेऊन मी गॅलरीत गेले, वाळत घालायला.

आणि समोर कोणीतरी बसलेलं होतं.

बंद कारखान्याच्या पायरीवर, शटरला पाठ लावून. पाठीवरची सॅक तशीच, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. सगळ्या गल्लीत तेवढंच एक माणूस, आणि ते आमच्या बिल्डिंगकडे पाहत होतं. एक-एक खिडकी बघत होतं, खालून वर, मग पुन्हा खालून. हलत नव्हतं. मी चटकन खांबाआड झाले. कुर्ता वाळत घालायचं राहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मी खांबाआडून बघायचे आणि ते तिथेच. आजकाल ग्रुपवर रोज येतं, अनोळखी लोक घरं हेरून ठेवतात, खुणा करून जातात, सावध राहा. मी असल्या मेसेजांना हसणारी बाई. बहिणीला शहाणपण शिकवणारी. पण त्या सुनसान गल्लीत मीही घाबरले. आंटींचं दार वाजवावं असं वाटलं, पण मघाशी मीच त्यांच्यावर ओरडले होते. वॉचमन बंदाचं निमित्त करून गेला होता. एवढं शांत गाव, आणि या शांततेत मला काही झालं तर कोणाला ऐकू तरी जाईल का, की जो तो आपलं दार लोटून गप्प बसेल? हा विचार त्या गावाबद्दल मी पहिल्यांदाच केला.

मग मला राग आला. भीतीचं माझ्याकडे नेहमी असंच होतं, ती फार वेळ भीती राहत नाही. मी कठड्यावर वाकले आणि उल्हासनगरात परक्या माणसावर ज्या भाषेत ओरडतात त्या भाषेत, असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडले,

"ए! कौन है उधर? क्या काम है? उठ वहाँ से!"

ते माणूस ताडकन उठलं. आणि त्याने दोन्ही हात वर केले. थेट डोक्याच्या वर, बोटं फाकलेली, तळवे माझ्याकडे. मान खाली घातली आणि तसंच उभं राहिलं.

मला काही कळेना. असं कोण करतं? आमच्या गल्लीत कोणावर ओरडलं तर तो दुप्पट ओरडतो, किंवा पळतो. हात कोणी वर करत नाही. वर केलेल्या त्या हातांवरून ओढणी मागे घसरली आणि मला केस दिसले, मग कपाळ. मग मी जिन्यात होते. मधला जिना मी कसा उतरले मला आठवत नाही, एक चप्पल वरच राहिली होती एवढं नंतर कळलं.

मी जवळ गेले तरी तिचे हात वरच.

"अगं, मी आहे," मी म्हटलं. "मी आहे, मम्मी."

तिने डोळे वर केले. ओठ सुकले होते. पोलिसांनी हॉस्टेल एका दिवसात रिकामं करायला लावलं, मिळेल त्या गाडीने आली, मोबाईल वाटेतच बंद पडला, रिक्षा नव्हती म्हणून स्टेशनपासून चालत आली, हे सगळं तिने नंतर सांगितलं. गाडीत कोणीतरी तिला तो व्हिडिओ दाखवला होता, आमचं मार्केट जळतानाचा. आणि ती चालत आली तर खरंच सगळी शटरं बंद, रस्त्यावर माणूस नाही. आपल्या बिल्डिंगपाशी आली तर एकाही घरातून आवाज नाही, वास नाही, दिवा नाही. वर जायची तिची हिंमत झाली नाही. ती तिथे बसून वाट बघत होती, एखाद्या खिडकीत तरी कोणी हलतंय का याची. मी खांबाआड लपले होते.

तेव्हा मात्र तिने फक्त विचारलं, "मम्मी, सगळे कुठे गेले?"

"कुठे नाही गं गेले. घरातच आहेत. आज थदडी आहे."

"थदडी," ती म्हणाली. ज्या पोरीला दर वर्षी सगळ्यांत आधी लोला हवा असायचा, तिला तो शब्द आठवायला वेळ लागला. मग ती थोडी हसली. वर आंटींची खिडकी उघडली, पाठोपाठ आणखी दोन उघडल्या, कोणीतरी मोठ्याने विचारलं, "छा थियो?" खिडकीच्या त्या आवाजाने तिने पुन्हा मान खाली घातली.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "आपली गल्ली आहे. हात खाली घे, बाळा."

"हो," ती म्हणाली, पण हात खाली येईनात. शेवटी मीच तिची मनगटं धरली आणि एकेक करून तिचे हात खाली आणले.