गव्हाच्या कोठीमागचा कॅन

माझ्या दिराने दारूपायी आधी नोकरी घालवली, मग संसार, आणि चाळिशीत जीव. म्हणून माझा मुलगा संध्याकाळी घरी आला की पाणी द्यायच्या निमित्ताने मी त्याचं तोंड हुंगायची. लग्न झालेल्या मुलाचं. ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची, आमच्या अमरावतीच्या घरातली. तेव्हा मी साठीला टेकले होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

सून अकोल्याची. दुकानात रसाची खोकी उलटून ती मागची बारीक अक्षरं वाचायची आणि टिकवायचं औषध न घातलेला द्राक्षाचा रसच घ्यायची. आठवड्यात सहा खोकी घरात आली, पण पाहुण्यापुढे एक पेला गेला नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोघं कामावर गेले की मी घर तपासू लागले. तिसऱ्या दिवशी गव्हाच्या कोठीमागे पाच लिटरचा कॅन सापडला. आत जांभळा रस, वर फेस, झाकण सैल. कान लावला तर बारीक चुरचुर. झाकण उचलून हुंगलं, वास आंबूस. घरातच दारू.

शहाण्या बाईने सुनेला विचारलं असतं. मी चमचा आणला. पोराच्या पोटात काय जाणार ते आईला कळायला नको? दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखलं, कारण आदल्या दिवशीचा अंदाज पक्का नव्हता. चौथ्या दिवशी चमच्याची वाटी झाली. तपास अर्धवट सोडून कसं चालेल?

एके दिवशी कॅनवर काळ्या पेनाची रेघ दिसली. रस रेघेच्या खाली होता. मी लगेच ठरवलं, पोरगा पितोय. माझी वाटी मी धरलीच नव्हती. संध्याकाळी त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास आला. म्हटलं, बघा, लपवतो आहे.

रविवारी त्या दोघांच्या खोलीतून सुनेचा आवाज आला. मी दाराआड.

"खरं सांग. रेघेच्या खाली चार बोटं उतरलं."

"मी झाकनाले हातबी नाही लावला."

"मंग काय पाल पेली? लग्नाच्या वाढदिवसाले उघडू, असं तूच म्हनला होता. पेला म्हनून नाही, खोटं बोलून राहिला म्हनून मी उद्या अकोल्याले चालली. खरं बोलाचं असलं तवाच घ्याले ये."

ती चार बोटं कुणाची, ते मला तिथे कळलं. आत जाऊन सांगायचं होतं. त्याऐवजी मी स्वयंपाकघरात गेले, नवं खोकं फोडलं आणि रेघेपर्यंत रस ओतला. म्हटलं, जाण्याआधी ती कॅन पाहीलच; भरलेला दिसला की भांडण मिटेल. माझं माहेर भातकुलीचं, दरसाल मणभर लोणचं घालणारं. हवा लागली की लोणचं गेलं, एवढं आमच्या हातांना ठाऊक. मी झाकणाखाली फडकं लावलं आणि चांगलं आवळलं.

सकाळी सून बॅग घेऊन दारात उभी, मुलगा बाजूला. तेवढ्यात स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. धावत गेलो तर कॅन फुगून आडवा, आत कोंडलेल्या वायूने झाकण उडालेलं, छतावर जांभळा डाग, गव्हाची कोठी भिजलेली. सुनेने झाकण उचललं. त्याला फडकं चिकटलेलं होतं. ती फडक्याकडे बघत राहिली.

"आपल्या घरात असं फडकं लावून झाकन आवळनारं मानूस एकच हाय," ती म्हणाली. "आई, तुमी?"

"चव पाहत होती मी. याच्या काळजीनं."

"चार बोटं?"

"काळजी मोठी होती."

"मले इचारलं कावून नाही?"

"इचारलं असतं तर तू जागा बदलली असती."

मुलगा हसला नाही. "ही कालपासून मले खोटारडा म्हनून राहिली, आई. अन् तुले ठाऊक होतं?"

मी फरशीवरचा फेस पुसायला वाकले. सुनेने बॅग खाली ठेवली आणि त्याला म्हणाली, "चुकलं माह्यं." मग दोघं माझ्याकडे वळले.

"शिडी आना," मी म्हटलं, "छत पुसते."

"आधी तुमीबी तसं म्हना," सून म्हणाली. "शिडी मंग."

म्हटलं. भिंतीकडे पाहून, पण म्हटलं.