लेकीच्या गावचं पाणी

रेवा, तन्मय — हे तुमच्यासाठी लिहितेय, पण या सदरात पाठवतेय. इथल्या वाचकांपैकी कुणाला उलगडा झाला, तर तो मला हवा आहे.

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. ठाण्याला एका रंगाच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होते. नमुना, चाचणी, निकाल आणि मगच सही — नोकरीभर हाच क्रम. अमावास्या, उतारे, लिंबू-मिरची... या सगळ्याला मी हसत आले. पण परवा रेवाने फोनवर विचारलं, "आजी, माझ्या वाढदिवसाला आई त्या पाणचक्कीपाशी पाण्याचा पेला का ठेवते? विचारलं की म्हणते, आजीला विचार." म्हणून हे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही कळव्याला राहायचो. तुमचे आजोबा बँकेत होते, पण जीव सगळा जुन्या दगडांत. रविवार उजाडला की पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी आणि छत्री — ती हातात कधीच नाही, शर्टाच्या कॉलरला मागे अडकवलेली. घोडबंदरचा किल्ला, कल्याणचा दुर्गाडी, आंबिवलीकडचा नदीकाठ, सगळं त्यांच्यामागे चालून मी पाहिलं. घोडबंदर रोडला आज टॉवर आहेत तिथे तेव्हा नुसती झाडी होती. तहान लागली की कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या कुठल्याही दारात उभे राहून पाणी मागायचे, आणि पेला ओठांना न लावता वरून धार सोडून प्यायचे. शर्टावर थेंब पडायचा नाही.

मेधा, म्हणजे तुमची आई, आमची एकुलती एक. लग्न होऊन जर्मनीत गेली आणि तीही एका खेड्यात. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) बाबांची आवड ओळखून तिने तिथला पायवाटांचा मोठा नकाशा पाठवला. आजोबा तो जमिनीवर पसरून त्यावर ओणवे व्हायचे.

"हे बघ, जुन्या पाणचक्कीपासून डावीकडे. मग बीच नावाच्या झाडांचं जंगल, वर किल्ला. उतरताना डोंगरावरचं छोटं चर्च."

"पाहून आल्यासारखं सांगताय," मी म्हणायचे. "प्रत्यक्ष चला की."

"आधी नातवंड."

हाच तो घोळ. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही, तिच्या गावचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. देवळात न जाणारा हा माणूस ती मात्र काटेकोर पाळायचा.

"बाबा, तिकीट पाठवते. या ना," मेधा फोनवर म्हणायची.

"येतो की. पण पाण्याचं काय? कळव्याहून पिंप भरून आणू?"

"चेष्टा नको हं बाबा. देव मानत नाही आणि हे कसलं पाळता?"

"देवाचा काय संबंध? माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीसाठी पाळलं. मी तुझ्यासाठी पाळतो. लेकीकडून घ्यायचं नसतं गं, एवढंच."

त्यांना ते मायेचं वाटायचं. पण मेधाची दोनदा निराशा झाली होती. दुसऱ्या वेळेनंतर "आधी नातवंड" हे शब्द तिला कसे लागत असतील, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ती हळूहळू तिकिटाचं बोलेनाशी झाली.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आजोबांनी बूट खडूने पांढरेशुभ्र करून खिडकीत वाळत ठेवले. त्याच थंडीत, एका दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी मेधाला विमानाची मनाई केली होती. फोनवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "एक पेला पाणी प्यायला काय झालं असतं, आई?"

ती रीत त्यांची होती, माझी नव्हती; तिच्या बाळंतपणाला मी एकटीच गेले. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, आणि पर्समध्ये आजोबांचा फोटो. मेधा घरात गप्प असायची. बाबांचा विषय निघाला की उठून जायची. बाबा गेल्याचं गावात तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. ते वाक्य जर्मनमध्ये तोंडातून निघेना, म्हणाली.

रोज सकाळी मी त्यांचा नकाशा घेऊन बाहेर पडायचे. पाणचक्की आता बंद होती, पण तिच्याशेजारी झऱ्याचं पाणी दगडी कुंडात अखंड पडायचं. कुंडासमोर एक बाक. तिथून डावीकडे वळलं की बीचचं जंगल. उंच, गुळगुळीत, राखाडी खोडं आणि कोवळ्या पानांतून झिरपणारा हिरवा उजेड. वर किल्ल्याचा एक बुरूज आणि पडकी तटबंदी; भिंतीतून रानफुलं उगवलेली. खाली नदीचं वळण, उतारावर द्राक्षाचे मळे. उतरताना ते चर्च, आत एका मेणबत्तीपुरती जागा. सगळं त्यांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. मी प्रत्येक ठिकाणी थांबायचे आणि मागे वळून बघायचे. सवयच ती — ते नेहमी एखादा दगड बघत मागे राहायचे.

रेवा, तू झालीस आणि मेधा तुला घेऊन घरी आली, त्यानंतर पाणचक्कीच्या घरातल्या फ्राउ लेन्झ, म्हणजे लेन्झबाई, तुला बघायला आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. लोकरीचे मोजे आणि केक घेऊन. कॉफी पिता पिता त्या मेधाला काहीतरी म्हणाल्या आणि मेधाच्या हातातली बशी खाली टेकली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतायत... तुझे वडील घरात का येत नाहीत?"

मला वाटलं, भाषेचा घोटाळा. "कुणाबद्दल बोलतायत, नीट विचार."

मेधा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. बर्फ वितळल्यापासून ते कुंडासमोरच्या बाकावर बसलेले दिसतात. पांढरे बूट. अगदी सभ्य, पण भारी हट्टी! किती वेळा मी पाणी पुढे केलं, तर छातीवर हात ठेवून मान हलवतात आणि तुमच्या घराकडे बोट दाखवतात.

माझ्यातली क्वालिटी कंट्रोलवाली जागी झाली. "विचार, हातात काही होतं का?"

फ्राउ लेन्झ म्हणाल्या, हातात काही नाही. मग हसून स्वतःच्या मानेमागे, कॉलरवर बोट टेकवलं. "छत्री. इथे!"

मेधा उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही.

म्हातारी पुढे सांगतच होती. चौकातल्या मोठ्या चर्चची घंटा दुरुस्त करायला माणसं आली होती ना, त्या सकाळी मात्र त्यांनी पेला घेतला. प्यायले कसे, तर असे — फ्राउ लेन्झनी कॉफीचा रिकामा कप उचलला, मान मागे टाकली, आणि वरून धार सोडल्यासारखा तिरका केला. "एक थेंब सांडला नाही! मग उठले आणि जंगलाकडे गेले. त्यानंतर दिसले नाहीत. परत गेले का?"

घंटेच्या दुरुस्तीसाठी त्या सकाळी चौकातला रस्ता बंद होता. तुमच्या बाबांना, म्हणजे माझ्या जावयांना, ते आठवत होतं, कारण हॉस्पिटलमधून मुलगी झाल्याची बातमी घेऊन येताना त्यांना गाडी वळसा घालून आणावी लागली होती.

मी नंतर चौकशी केली. त्या गावात मेधाच्या घराखेरीज भारतीय कुणी नव्हतं. पाण्याची रीत मेधाने कुणाला सांगितली नव्हती. तिला त्या रीतीचा रागच होता. राहिली एक चाचणी. फोटो माझ्या पर्समध्ये होता, फ्राउ लेन्झ समोर बसल्या होत्या... मी तो काढला नाही. त्या "हे नव्हेत" म्हणाल्या असत्या तर? आयुष्यात एकच चाचणी मी मुद्दाम सोडली.

आणि एक सांगते. त्या बाकावरून मी रोज जात होते. मला ते एकदाही दिसले नाहीत.

संध्याकाळी मेधा तुला शालीत गुंडाळून निघाली. बाळंतिणीने बाहेर पडू नये म्हणून मी अडवलं, तिने ऐकलं नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी स्टीलच्या पेल्यात भरून घेतलं, म्हणून मीही मागोमाग गेले. बाक रिकामा होता. तिने पेला बाकावर ठेवला, तुला जरा उंच धरलं आणि म्हणाली, "बाबा, ही बघा. आता चला घरी."

झऱ्याचं पाणी पडत राहिलं. अंधारून आलं तरी पेला भरलेलाच होता. तेव्हा ती रडली, फोन आल्यापासून पहिल्यांदा.

"प्यायले गं आई," ती म्हणाली, "पण माझ्या हातचं नाही."

आज फ्राउ लेन्झ नाहीत. माझ्याकडे उलगडा तेव्हाही नव्हता, आताही नाही. तहान भागल्यावर ते जंगलाकडे का गेले, चार पावलांवरच्या लेकीच्या दारात का नाही आले — हे तर मला मुळीच कळत नाही.

तर रेवा, तो पेला असा आहे. दरवर्षी भरलेलाच परत येतो. तुझी आई ते पाणी ओतून देत नाही. घरी आणून स्वतः पिते, वरून धार सोडून. तिला ते अजून जमत नाही. ओढणी भिजते.