मास्तरांची मोजणी

मास्तर खरे मास्तर नव्हते. पाणथळ जागा राखणाऱ्या एका छोट्या संस्थेत नव्याने रुजू होणाऱ्यांना पहिल्या दिवशी दलदलीतून फिरवून आणायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून ते नाव चिकटलं. माणूस चेष्टेखोर. "बूट चिखलात राहिला तर राहू दे, पाय तेवढा घरी न्या," म्हणत सगळ्यांना हसवायचे.

आठ वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत अचानक धुकं उतरलं. मास्तरांनी बांधावर घाईघाईने डोकी मोजली. सहा नवे आले होते, सहा भरले. कचेरीत पोचल्यावर कळलं, एक मुलगी मागेच राहिली. विसरलेली दुर्बीण आणायला ती परत वळली होती. दुसऱ्या दिवशी सापडली, कमरेपर्यंत रुतलेली, थंडीने गारठून मेलेली. चौकशीत सगळं खापर धुक्यावर फुटलं. मोजताना आपण स्वतःलाही धरलं होतं, हे मास्तरांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा.

तेव्हापासून मोजणी जुळेना. स्वतःला वगळून चार माणसं नेली, तरी पाच भरायची. पुन्हा मोजलं तरी पाच. वळून बघावं, तर रांगेच्या टोकाला नुसतं गवत हलत असायचं. मास्तरांचं हसणं आटलं.

यंदा चार नवे आले. चहापाणी, ओळखी झाल्या आणि फेरी निघाली. बांधावर पोचल्यावर चष्मेवाला तरुण जवळ आला.

"मास्तर, इथे गेली ती माझी ताई. जागा दाखवाल?"

बाकीच्यांना थांबवून मास्तर त्याला घेऊन गेले. तिथे पोचल्यावर त्यांना राहवेना.

"धुक्यामुळे नाही गेली ती. मोजताना मी स्वतःलाही धरलं."

त्याने चष्मा काढून पुसला. "आई आठ वर्षं ताईलाच बोल लावतेय, न सांगता मागे फिरली म्हणून. हे तिला येऊन सांगाल?"

"सांगतो."

"मी माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

रविवारी मास्तर त्याच्या घरी गेले. आईने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"परत एकदा मोजायला किती वेळ लागला असता?"

"अर्धं मिनिट."

तोंडावर पदर धरून ती आत निघून गेली.

सोमवारी मास्तरांनी संस्थेला सगळं लिहून दिलं. फेरीचं काम गेलं. आता ते कचेरीत पक्ष्यांच्या नोंदी लिहितात, ओले बूट वाळत घालतात. त्या मुलीचा भाऊ मात्र संस्थेत टिकला. नव्यांना तोच नेतो, आणि प्रत्येकाकडून आपापला आकडा मोठ्याने म्हणवून घेतो.

धुकं असलं की मास्तर खिडकीकडे पाठ करून बसतात. मोजायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. पण बांधावरून परतणारी पावलं कानावर पडतातच, आणि शेवटचं पाऊल जरा मागून येतं.